गाडीची चाकं बदलायची आहेत: १५ वरून १६ की १७? ऑफसेट आणि सेंटर बोअरचं काय?

फिरस्ता
मंडळी, सल्ला हवा आहे. छोटी हॅचबॅक आहे, घरातले चौघं आणि सामान असा नेहमीचा प्रवास, रस्ते कधी गुळगुळीत तर कधी खड्ड्यांचे. कंपनीची चाकं १५ इंची, पत्र्याची, वर प्लॅस्टिकच्या कॅप. टायर १८५/६५ आर१५, ८८एच. टायर संपत आलेत, तर त्यासोबत रिमही बदलाव्यात असा विचार आहे. मनात १७ इंची अलॉय भरल्या आहेत. दुकानदार म्हणतो, "चार बोल्ट आहेत ना, बसतील." रिमच्या माहितीत ७जे, ४×१००, ईटी ३५, सेंटर बोअर ७३.१ असं लिहिलंय. माझ्या जुन्या रिमवर ६जे, ईटी ४५ आहे आणि मधलं भोक ५४.१ मिमी. हे आकडे जुळतात की नाही हे कुणी नीट समजावून सांगेल का? कारखान्यात काम केलेली मंडळी इथे आहेत म्हणून विचारतोय.

चाकोरी
१७ घ्या, बिनधास्त. वळणावर गाडी कशी ठाम राहते ते बघाल. टायरची बाजू बुटकी असली की स्टिअरिंग वळवल्याबरोबर गाडी ऐकते. १५ वर मधे जो मऊपणा जाणवतो तो जातो.

गणिती
चाकोरी, वळणावरचं म्हणणं मान्य. पण फिरस्ता यांचा प्रश्न बसण्याचा आहे, आधी तो सोडवू.

टायरचा एकूण व्यास काढायची रीत सोपी आहे. रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे एका बाजूची उंची, तिची दुप्पट अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. १८५/६५ आर१५ चं: १८५ च्या ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, त्यात ३८१ मिळवा, ६२१.५ मिमी. १७ वर २०५/४५ टाकला तर ६१६.३. फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे व्यासाच्या हिशेबाने चालेल. १६ वर १९५/५५ टाकला तर ६२०.९, जवळजवळ तोच. पण कुणी "भरीव दिसतो" म्हणून १९५/६० आर१६ सुचवला तर ६४०.४ येतो, तीन टक्के मोठा. मग स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवण्याकडे झुकतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर चालतो. म्हणून कंपन्या थोडा जास्तच दाखवतात. मोठा टायर ती शिल्लक खाऊन टाकतो. मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासण्याची शक्यता वेगळीच.

आता ऑफसेट. रिमच्या रुंदीची मधली रेघ आणि रिम हबला (गाडीचा जो भाग चाक धरून फिरवतो) जिथे टेकते तो पृष्ठभाग, या दोहोंतलं अंतर म्हणजे ईटी, मिलिमीटरमध्ये. ईटी जितका जास्त तितकं चाक आत, कमी केला की बाहेर. तुमची जुनी ६जे, म्हणजे सहा इंच, अर्धी रुंदी ७६.२. त्यातून ४५ गेले, बाहेरची कड टेकणीपासून ३१.२ मिमी बाहेर. नवी ७जे, अर्धी ८८.९, वजा ३५, म्हणजे ५३.९. बाहेरची कड तब्बल २२.७ मिमी बाहेर सरकली. आत मात्र फक्त २.७ मिमी. हा बावीस मिलिमीटरचा आकडा दुकानदाराने सांगितला का?

फिरस्ता
नाही सांगितला. २२ मिमी म्हणजे फेंडरच्या बाहेर येईल ना?

गणिती
गाडीवर अवलंबून आहे, पण धोका नक्की. मागे तीन माणसं बसली आणि खड्ड्यात गाडी खाली बसली की फेंडरची आत दुमडलेली कड टायरच्या खांद्यावर घासते. दुसरं असं की टायरची मधली रेघ दहा मिमी बाहेर गेली. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर कंपनीने ठरवून ठेवलेलं असतं. ते बदललं की खड्ड्यात स्टिअरिंगला झटका जास्त बसतो, एका बाजूचं चाक पाण्यात गेलं की गाडी त्या बाजूला ओढते, आणि बेअरिंगवरचा ताणही वाढतो. जुन्या ईटीपासून पाचेक मिलिमीटरच्या आत राहावं असं मी म्हणेन.

पानापेचकस
उशिरा आलो, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्कशॉपमध्ये माझा जन्म गेला.

"चार बोल्ट आहेत, बसतील" यावर कुणीही विश्वास ठेवू नका. ४×१०० म्हणजे चार भोकं, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. ४×१०० आणि ४×९८ शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक दिसत नाही. ४×९८ ची रिम ४×१०० च्या हबवर ढकलून बसवता येते, नटही आवळले जातात, पण प्रत्येक स्टड (हबमधून बाहेर आलेला आट्यांचा बोल्ट) एक मिलिमीटर आत ओढलेला राहतो. नट तिरका बसतो, गाडी थरथरते, आणि शेवटी स्टड तुटतो. मोजायचं असेल तर चार भोकांत समोरासमोरच्या दोन भोकांचे मध्य मोजा, तेच पीसीडी, म्हणजे भोकांच्या वर्तुळाचा व्यास. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं, तिथे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. ५×१०० ला शेजारचं अंतर ५८.८ येतं, ५×११२ ला ६५.८, ५×११४.३ ला ६७.२. शेवटच्या दोघांत दीड मिलिमीटरचाही फरक नाही, म्हणून पट्टीने मोजू नका, व्हर्नियर घ्या. ११४.३ हा चमत्कारिक आकडा म्हणजे साडेचार इंच.

सेंटर बोअरचं सांगतो. तुमच्या हबचा गळा ५४.१ आणि रिमचं भोक ७३.१. बाजारातल्या रिमा मोठ्या भोकाच्या करतात, म्हणजे अनेक गाड्यांना एकच साचा चालतो. मधल्या फटीत हब रिंग घालायची, बाहेरून ७३.१, आतून ५४.१. ती न घालता नट आवळले तर चाक मध्यावर बसेल याची खात्री नाही. बॅलन्सिंगच्या यंत्रावर बरोबर, गाडीवर मात्र ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि बिचारा माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेतो.

अनाहूत
पण पानापेचकस काका, गाडीचं वजन त्या प्लॅस्टिकच्या रिंगवर येणार असेल तर ती टिकेल का? मी तर ऐकलंय की रिंग म्हणजे जुगाड.

पानापेचकस
वजन रिंगवर येतच नाही. नट योग्य ताकदीने आवळले की रिमची पाठ हबच्या तोंडावर घट्ट दाबली जाते, आणि त्या दोन पृष्ठभागांतलं घर्षण वजन पेलतं. स्टडसुद्धा कातरीसारखे कापले जाऊ नयेत, ते ताणात राहतात. रिंगचं काम फक्त नट आवळताना चाक मध्यावर धरणं. म्हणून प्लॅस्टिकची चालते. अॅल्युमिनियमची असेल तर गंज धरून हबला चिकटू नये म्हणून मधूनमधून काढून साफ करावी लागते. आणि याच कारणासाठी हबचं तोंड तारेच्या ब्रशने साफ केल्याशिवाय नवं चाक चढवू नका. गंजाचा पापुद्रा किंवा रंगाचा जाड थर मधे राहिला की तो नंतर दबतो आणि नट सैल होतात.

सावली
खूप उपयोगी धागा. नटांचंही सांगाल का? अलॉयसोबत वेगळे नट देतात ते का?

पानापेचकस
ताई, हा प्रश्न चाक घेताना बहुतेक जण विचारतच नाहीत. नट रिमला जिथे टेकतो ती खोबण तीन प्रकारची असते. साठ अंशांचा कोन, गोलसर वाटी, किंवा सपाट, खाली वॉशर. होंडाच्या मूळ रिमांना गोल लागतो, फोक्सवॅगनच्या बोल्टांनाही गोल. बाजारातल्या बहुतेक अलॉय कोनाच्या. गोल नट कोनात घातला तर तो एका बारीक वर्तुळावरच टेकतो, आवळताना पाना "कट्" म्हणून वाजतो आणि वाटतं की झालं. थोड्या दिवसांत अॅल्युमिनियम दबतं आणि नट हाताने फिरतो. नवीन रिम आणली की नट हातात घेऊन खोबणीत फिरवून बघा, कडेला थोडं मार्करचं काळं लावा. काळं सगळीकडे सारखं उमटलं तर जोडी बरोबर.

आटेही बघा. एम१२, म्हणजे १२ मिमी जाडीच्या आट्यांत १.५ आणि १.२५ असे दोन पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) असतात. चुकीचा नट दोन आटे जातो आणि अडतो. तिथे गन लावणाऱ्याचा हात धरा. नट आधी हाताने पूर्ण फिरला पाहिजे, मग चांदणीच्या क्रमाने पान्याने, आणि शेवटी गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने. छोट्या गाड्यांना साधारण १०० ते १२० न्यूटन मीटर, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. आणि ५० ते १०० किमी चालवून पुन्हा तपासा.

चाकोरी
हे सगळं बरोबर आहे, पण यावरून असं वाटायला नको की मोठी अलॉय म्हणजे संकट. अलॉयचा जन्मच कामासाठी झालाय. १९२४ मध्ये बुगाटीने टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला ओतीव अॅल्युमिनियमची चाकं लावली, ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला, चपटे रुंद स्पोक. तेव्हा शोभा हा हेतू नव्हता, वजन कमी करणं आणि ब्रेक थंड ठेवणं हा होता.

मधली_वाट
चाकोरी, वजनाची गोष्ट काढलीत म्हणून लिहितो. आज "अलॉय म्हणजे हलकी" हे सरसकट खरं नाही. साधी ओतीव १७ इंची अलॉय १५ इंची पत्र्याच्या रिमपेक्षा जड असू शकते. वजन काट्यावर बघितल्याशिवाय घेऊ नये. कशी बनवली यावर बरंच अवलंबून आहे. साच्यात धातू नुसता ओतलेला असेल तर भिंती जाड ठेवाव्या लागतात. फ्लो फॉर्मिंगमध्ये ओतल्यानंतर रिमचा पिंप गरम असताना रोलरने ताणून पातळ आणि घट्ट करतात. फोर्ज्ड म्हणजे अॅल्युमिनियमचा ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवलेला, सगळ्यात हलका आणि चिवट.

लोक म्हणतात चाकातलं एक किलो म्हणजे गाडीतलं चार किलो. गणित तसं नाही. टायरच्या अगदी बाहेरच्या कडेला वाढलेलं एक किलो वेग घेताना साधारण दोन किलोंसारखं वागतं, कारण ते पुढेही जातं आणि फिरतंही. रिम त्याहून आत असते, तिचा गुणक कमी. पण सस्पेन्शनच्या दृष्टीने चाकाचं वजन वेगळ्याच कारणाने नडतं. स्प्रिंगच्या खाली जितकं जड, तितकं चाक खड्ड्यातून वर उडाल्यावर परत जमिनीवर यायला वेळ लागतो. तेवढ्या क्षणी टायरला पकड नसते. खराब रस्त्यावर जड १७ पेक्षा हलकी १६ चांगली पकड देते असं माझं ठाम मत आहे.

गणिती
मधली_वाट यांच्या मताला दुजोरा. बाजूची उंची बघा ना. १५ वर १२० मिमी, १६ वर १०७, १७ वर ९२. खड्ड्याची कड टायरला दाबत दाबत रिमपर्यंत पोचू नये म्हणून तेवढीच हवा आणि रबर मधे आहे. पत्र्याची रिम वाकते आणि बऱ्याचदा ठोकून सरळ होते. ओतीव अलॉय तडकते.

अनाहूत
तडकलेली वेल्डिंग करून देतात की.

पानापेचकस
करून देतात, पण मी घेणार नाही आणि कुणाला घेऊ देणार नाही. अॅल्युमिनियमला ओतल्यावर उष्णतेची प्रक्रिया देऊन मजबूत केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेच्या आजूबाजूची मजबुती जाते. वरून रंग मारल्यावर काही दिसत नाही. थोडी वाकलेली कड सरळ करणं वेगळं. स्पोकला किंवा स्पोकच्या मुळाशी चीर असेल तर ती रिम भंगारातच.

सावली
माझी गाडी इलेक्ट्रिक आहे, बॅटरीमुळे वजनदार. टायरवर ८८, ९१ असे आकडे असतात ते कितपत महत्त्वाचे? मलाही १८ वरून खाली यायचं आहे, आरामासाठी.

गणिती
सावलीताई, तुमच्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आकडा. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. मूळ टायरपेक्षा खाली कधीच जाऊ नका. फिरस्ता यांनाही हे लागू आहे. २०५/४५ आर१७ साध्या बांधणीत ८४ चा मिळतो, म्हणजे प्रत्येक चाकामागे ६० किलो कमी. ८८ हवा तर एक्स्ट्रा लोड, म्हणजे एक्सएल घ्यावा लागेल. त्यातही एक मेख आहे. युरोपीय मानकात साधा टायर आपला पूर्ण भार २.५ बारला पेलतो, एक्सएल २.९ बारला. म्हणजे एक्सएल घेऊन जुनीच हवा ठेवली तर तो ८८ चा भार पेलत नाही. हवा वाढवायची, आणि बुटकी बाजू अधिक टणक हवा म्हणजे चौघांच्या पाठीला काय जाणवेल ते उघड आहे.

रिमलाही स्वतःचा भार असतो. स्पोकच्या पाठीमागे "मॅक्स लोड" असं ओतलेलं असतं, किलोत. दरवाजाजवळच्या पट्टीवर एका आसावरचा कमाल भार दिलेला असतो. त्याचा अर्धा रिमच्या आकड्यापेक्षा कमी हवा. जड इलेक्ट्रिक गाड्यांत हे न बघता दिसायला आवडलेली रिम लावणं सरळ धोकादायक आहे.

मधली_वाट
सावलीताई, खाली येण्याआधी त्याच मॉडेलच्या खालच्या आवृत्तीला कंपनी कुठलं चाक देते ते बघा. ब्रेक तोच असेल तर लहान चाक बसतं. मोठा ब्रेक असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क आवळणारा जबडा, रिमच्या आत मावत नाही. इंच सारखे असूनही एखादी रिम बसते आणि दुसरी बसत नाही, कारण स्पोक आतल्या बाजूला किती फुगीर आहेत हे कुठल्याच आकड्यात येत नाही. वर्कशॉपमध्ये कॅलिपरवर मऊ मातीचा गोळा चिकटवतात, चाक हाताने आवळून एक फेरा फिरवतात आणि काढून मातीची उरलेली जाडी मोजतात. तीन मिलिमीटरपेक्षा पातळ झाली असेल तर ती रिम नको.

रेंजबद्दल: एकाच इलेक्ट्रिक गाडीची अधिकृत रेंज मोठ्या चाकांवर कमी दिलेली असते, माहितीपत्रकात शेजारी शेजारी बघायला मिळेल. खाली आलात तर आरामही मिळेल आणि रेंजही. शक्यतो सपाट, बंद तोंडाची रिम घ्या, हवेचा अडथळा कमी होतो.

फिरस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. १७ चा विचार सोडला. आता एक १६ इंची बघितली आहे. तिच्या पाठीमागे "६ १/२ जे × १६ एच२ ईटी ४२" असं आहे, शिवाय "जेडब्ल्यूएल" आणि "व्हीआयए". मॅक्स लोड ६९० किलो. टायर १९५/५५ आर१६. हे वाचून कुणी सांगेल का?

गणिती
चांगली निवड. बाहेरची कड: ८२.५५ वजा ४२, म्हणजे ४०.५५. जुन्यापेक्षा ९.३५ मिमी बाहेर आणि ३.३५ आत. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आणि मागे माणसं बसवून एकदा बघून घ्या. १९५/५५ आर१६ साठी साडेपाच ते सात इंच रिम चालते, साडेसहा त्यात आहे. टायर साधा ८७ चा येतो, तुमचा जुना ८८. तेव्हा ९१ एक्सएल घ्या आणि उत्पादकाच्या तक्त्यातून हवा ठरवा.

पानापेचकस
वाचून दाखवतो. जे म्हणजे रिमच्या काठाचा आकार, टायरची कड तिथे बसते. एच२ म्हणजे आत दोन्ही बाजूंना उंचवटे आहेत, वळणावर हवा कमी असली तरी टायरची कड घसरून आत पडू नये म्हणून. जेडब्ल्यूएल हे जपानचं अलॉय चाकांचं मानक, व्हीआयए म्हणजे तिथल्या संस्थेने नमुना तपासून नोंदवलाय. मात्र खुणा बघताना अक्षरं ओतीव आहेत की वरून चिकटवलेली हे बोटाने तपासा. नकली मालावर स्टिकर असतो, आणि काही वेळा ईटीचा आकडाच नसतो. ईटी नसलेली रिम हातात धरू नका.

चाकोरी
१६ वर ९१ एक्सएल चांगला लागतो, वळणावर मजा येईल. माझी हरकत मागे.

फिरस्ता
शेवटचा प्रश्न. स्टेपनी जुनीच १५ इंची पत्र्याची ठेवली तर चालेल ना?

गणिती
व्यास ६२१.५ आणि ६२०.९. चालेल. ऑल व्हील ड्राइव्ह असती तर घासलेल्या टायरचाही फरक मोजा म्हटलं असतं, तुम्हाला गरज नाही. पण ती फक्त घरी किंवा टायरवाल्यापर्यंत पोचण्यासाठी, रुंदी वेगळी असल्याने ब्रेक मारताना पकड सारखी राहणार नाही.

पानापेचकस
चालेल, पण जुने नट टाकून देऊ नका. अलॉयचे नट पत्र्याच्या रिमला नीट टेकतीलच असं नाही, आणि बंद तोंडाचा नट पातळ पत्र्यावर स्टडच्या टोकाला आधीच अडू शकतो. तेव्हा हाताला घट्ट लागतो आणि चाक सैल राहतं. दुसरं, गाडीसोबत आलेला पाना अलॉयच्या अरुंद भोकात शिरतो का ते घरीच बघा. बऱ्याचदा पातळ भिंतीचा सॉकेट वेगळा लागतो. जुने नट आणि तो सॉकेट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या मधल्या खोलगटात ठेवा.

फिरस्ता
पाना आत्ताच लावून बघितला दुकानातल्या रिमवर. शिरत नाही. सॉकेट घेतोय.